अकोल्यात दिवेवाला मेला नव्हता

सिनेमाच्या ऑपरेटरला पिक्चर धड पाहता येत नाही. केबिनच्या भिंतीला भोकं असतात. एकातून उजेड जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर डोकावतो, तेही चित्र पडद्यावर सरळ पडतंय की नाही एवढ्यापुरतं. मशीनचा खडखडाट असा की निम्मे संवाद ऐकूच येत नाहीत. पण एक गोष्ट आम्हाला मालकाच्या आणि पेपरात लिहिणाऱ्यांच्या आधी कळते, ती म्हणजे पब्लिकचं मत. शिट्टी कुठे आली, खुर्च्या कुठे वाजल्या, लोक इंटरव्हलच्या आधीच चहाला का पळाले, एवढ्यावरून पिक्चर किती दिवस टिकेल ते मी पहिल्या शोला सांगत असे. सहसा चुकत नसे.

अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये मी बावीस वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीज आता नाही, तिथे मंगल कार्यालय झालं आहे. मी जठारपेठेत मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान चालवतो. माझं बोलणं मुळातच कमी. बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे गंजलेला नट उघडणं. त्या गंजाला एक कारण होतं. आता ते सांगायला हरकत नाही, कारण ज्याला आधी सांगायला हवं होतं त्याला सांगून झालं आहे.

तेव्हा इंग्रजी पिक्चर हिंदीत डब होऊन यायचे. राक्षस, परग्रह, भुतं, उडती जहाजं. मालकांनी ते दोन मोठ्या हिंदी पिक्चरांमधली रिकामी जागा भरायला आणले, आणि पब्लिकने डोक्यावर घेतले. एक भाग चालला की दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. खरी नावं कोणी घेत नसे. तिकीट खिडकीवर लोक म्हणायचे, "वेलवाल्याचे दोन," "आरशातल्या बाईचं एक बाल्कनी." खिडकीवरच्या माणसालाही तेच समजायचं. पोस्टरवर काय लिहिलंय ते त्यानेही वाचलेलं नसे.

या पिक्चरांचे शौकीन वेगळेच असत. हिंदी पिक्चर पाहून माणूस घरी जातो. हे लोक पायरीवर उभे राहायचे आणि भांडायचे.

कृषी विद्यापीठातले एक सर होते. माणसं खाणाऱ्या वेलीच्या पिक्चरचा एकही भाग त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या भागाच्या इंटरव्हलला ते केबिनच्या जिन्याशी आले. चेहरा गंभीर.

"वानखडे, पहिल्या भागात ही वेल द्विदल होती. आता पानाच्या शिरा समांतर दाखवल्यात. म्हणजे एकदल झाली. असं कसं चालेल?"

"सर, ती माणसं खाते ते चालते?"

"ते चालतं. कीटक खाणाऱ्या वनस्पती असतातच, तीच जरा मोठी समजायची. पण शिरा कशा बदलतील?"

तिसऱ्या भागात शिरा पुन्हा जाळीदार झाल्या. त्या दिवशी सरांनी खाली उतरून दिसेल त्याला चहा पाजला.

फुलबाजारातल्या मंजुळाबाई आरशातल्या बाईच्या भूतपटाला यायच्या आणि प्रत्येक भागात भुताच्या बाजूने बोलायच्या. "थे बाई आपल्या घरात शांत बसली होती. हे लोक तिले न इचारता राहाले गेले. मंग चूक कोनाची?" चौथ्या भागाच्या शेवटी भुताला मुक्ती मिळाली. सगळं टॉकीज टाळ्या वाजवत होतं, आणि मंजुळाबाई गेटकीपरला धारेवर धरून उभ्या. "घरबी गेलं अन् आरसाबी गेला. हा काय न्याय झाला बे?" तो बिचारा सांगत होता की मावशी, पिक्चर मी नाही काढला. पाचव्या भागाला त्या आल्याच नाहीत. निषेध म्हणून.

आणि या सगळ्यांचा मुखिया म्हणजे युनूसभाई.

युनूसभाईचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचा, गादी भरायची, लांब सुईने टाके घालायचे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, आवाज खणखणीत, आणि जे बोलेल ते गल्लीच्या टोकापर्यंत. पिक्चरबद्दलचं त्याचं मत कापसाच्या भाषेत यायचं. "हा भाग नव्या कापसाचा आहे, वानखडे. दहा वर्षं दबनार नाई." नाहीतर, "यात तर चिंध्या कोंबल्या राजा. वरून खोळ चांगली." त्याचं पहिलं प्रेम होतं सात चंद्रांवाला पिक्चर. सात चंद्र असलेला एक ग्रह, तिथली तरुण राणी, आणि चंद्रांवरचे दिवे लावत फिरणारा एक म्हातारा. त्याचं परदेशी नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून अकोल्याने त्याला 'दिवेवाला' केलं. पहिल्या भागानंतर युनूसभाईने दुकानाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: दिवेवाला गादी भांडार. राणीपेक्षा म्हातारा मोठा झाला तो अकोल्यातच.

आता थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. पिक्चर एका तुकड्यात येत नसे. रिळं असायची, प्रत्येक रीळ वेगळ्या गोल पत्र्याच्या डब्यात, आणि सगळे डबे एका पेटीत. एक रीळ साधारण अठरा-वीस मिनिटं चालायचं. केबिनमध्ये मशीनं दोन. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. हात सफाईदार असेल तर पब्लिकला सांधा कळत नाही. हीच आमची विद्या.

डब पिक्चरच्या प्रिंटा कमी निघत. त्यामुळे सात चंद्रांवाल्याच्या दुसऱ्या भागाची एकच प्रिंट अमरावती आणि अकोला दोघांत वाटून मिळाली. अमरावतीत दुपारचा बाराचा शो व्हायचा. तो सुटला की पेटी बडनेरा स्टेशनवरून गाडीने अकोल्याला. आमच्याकडे संध्याकाळचे शो. सकाळी पेटी परत. पेटी आली की ऑपरेटरने उघडायची, डबे मोजायचे आणि वहीत सही करायची. सात रिळं असतील तर सात डबे. पहिलीतलं पोरही चुकणार नाही असं काम.

त्या शुक्रवारी पेटी आली तेव्हा युनूसभाई जिन्याशी माझ्याशी बोलत उभा होता. पहिल्या भागात दिवेवाल्याने सातवा दिवा का नाही लावला, यावर त्याचं एक म्हणणं होतं आणि माझं दुसरं. मी क्वचित बोलतो, पण त्या दिवशी बोललो. बोलता बोलता हमालाने वही पुढे केली. मी पेटी न उघडता सही केली.

साडेसहाचा शो, हाऊसफुल्ल. चौथं रीळ सुरू केलं आणि पाचवं चढवायला वळलो. पेटीत सहावा डबा होता, सातवा होता. पाचवा नव्हता.

पेटी पालथी केली. टेबलाखाली पाहिलं. खाली मॅनेजरच्या खोलीत पळत जाऊन अमरावतीला फोन लावला. तिथले ऑपरेटर म्हणाले, "अरे बापा! पाच नंबर गुंडाळायले घेतलं होतं, थे इथंच टेबलावर राह्यलं. तू मोजलं नाई काय?"

वर आलो तेव्हा चौथ्या रिळाची शेवटची दोन मिनिटं उरली होती. पडद्यावर दिवेवाला धुराने भरलेल्या बोगद्यात उभा. त्याने आपला कंदील राणीच्या हातात दिला, तिला बाहेर ढकललं, लोखंडी दरवाजा आतून लावला आणि म्हणाला, "जाओ बेटी." कोपऱ्यात ठिपका चमकला. खाली नऊशे माणसं. शो थांबवला तर काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. पाण्याची टाकी फोडली होती लोकांनी.

मी सहावं रीळ सुरू केलं.

सहाव्याची सुरुवात अशी: राणी जहाजाच्या टोकावर उभी आहे, हातात दिवेवाल्याचा कंदील, वारा वाहतोय. ती मागे वळून पाहते आणि किंचित हसते. आता ओरडतील, आता खुर्च्या वाजतील. एक क्षण शांतता. मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "वाचला!" आणि सगळं टॉकीज उठून नाचायला लागलं. शिट्ट्या, टोप्या, रुमाल. बावीस वर्षांत मी तशी दाद ऐकली नाही.

पाचव्या रिळात काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शनिवारी पेटी आली ती पूर्ण सात डब्यांची. मी पाचवं रीळ हातात घेऊन दिव्यासमोर धरून पाहिलं. अठरा मिनिटं फक्त दिवेवाल्याचं मरण. दरवाजामागे तो एकटा, एकेक दिवा विझवत जातो. मग त्याची राख सातही चंद्रांवर उधळतात. राणी हसते ती त्यानंतर, रडून झाल्यावर.

ते रीळ लावणं माझं काम होतं. मी खाली डोकावलो तर चहाच्या टपरीवर युनूसभाई तीस-चाळीस लोकांना समजावून सांगत होता. "मेलेला दिसला काय कोनाले? नाई ना! अन् राणी हसली की नाई? बापासारखा मानूस मेल्यावर पोरगी हसते काय? सांगा! त्यानं मुद्दाम कंदील देल्ला. दुश्मनाले वाटलं पाह्यजे की मेला." काल ज्यांनी पाहिलं ते दुसऱ्यांदा तिकीट काढून आले होते, घरच्यांना घेऊन. आज पाचवं लावलं तर कालचे लोक मला फाडून खातील. आणि युनूसभाई तीस लोकांपुढे खोटा पडेल. आज राहू दे, म्हटलं, उद्या पाहू. उद्या तेच. पिक्चर तीन आठवडे चालला आणि पाचवं रीळ तिन्ही आठवडे डब्यातच राहिलं. मालकांना एवढंच कळलं की शो लवकर सुटतो आणि फाटकात गर्दी अडकत नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली.

युनूसभाईने तो पिक्चर तेरा वेळा पाहिला.

दोन वर्षांनी तिसरा भाग आला. सुरुवातीलाच सगळे चंद्र काळोखात, सगळी प्रजा शोकात, कारण काय तर दिवेवाला गेला. अकोल्याचं पब्लिक एकमेकांकडे पाहायला लागलं. "मेला कधी?" मग कोणीतरी म्हणालं की ही चाल आहे, शेवटी येईल बघ. पिक्चर संपला, दिवे लागले, पडदा पडला, तरी दोन-तीनशे माणसं जागची हलेनात. "दिवेवाला! दिवेवाला!" असा घोष. गेटकीपर हात जोडून सांगत होता, "भाऊ, संपला पिक्चर, घरी जा." मी केबिनच्या भोकातून पाहत होतो. हसू येत होतं आणि खाली उतरायची हिंमत होत नव्हती.

मग टीव्हीवर दुसरा भाग लागला, पूर्ण. ज्यांनी पाहिला त्यांनी युनूसभाईला सांगितलं. तो म्हणाला, "टीवीवाल्यानं मागून चिकटवलं थे. थो अॅक्टर कंपनीवर रुसला असन, म्हनून मारून टाकला. असली पिक्चर आमी पडद्यावर पाह्यला." त्याने टीव्हीवर तो कधी पाहिलाच नाही. अकोल्यात बरेच लोक त्याच्या बाजूचे होते. त्यांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

इथपर्यंत मला गंमत वाटून घेता आली. पुढचं मात्र गमतीचं नाही.

युनूसभाईचा साडू सलीम. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सलीम अमरावतीचा, संत्र्यांचा व्यापार. तोही या पिक्चरांचा तितकाच वेडा, आणि दोघांचं इतकं जमायचं की नवा भाग लागला की एकमेकाला फोन करून तासभर बोलत बसायचे. सलीमकडे मुलाचा अकीका, म्हणजे जावळाची दावत, होती. युनूसभाईने मलाही ओढून नेलं. जेवणं सुरू होती. बोलता बोलता विषय दिवेवाल्यावर आला.

"कुछ भी कहो, मरनेवाला सीन जबरदस्त होता," सलीम म्हणाला. "वो राख उडते ना, मी तर रडलो यार."

"राख?" युनूसभाईचा घास हातातच राहिला. "कोनती राख?"

"अरे, दिवेवाल्याची. सात चंद्रांवर उडवतात ती."

"तू टीवीवर पाह्यलं असन."

"टीवी कायको? टॉकीजमध्ये पाहिलं. पहिल्या दिवशी, बाराच्या शोला."

"झूठ."

"मैं झूठ बोलतोय? माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर?"

बोलणं वाढत गेलं. लोकांनी हसून मिटवायचा प्रयत्न केला, पण दोघेही उभे राहिले होते. मग युनूसभाई माझ्याकडे वळला. मी भिंतीला टेकून ताट घेऊन बसलो होतो.

"हा आमचा ऑपरेटर. रीळ याच्या हातानं चाललं. याच्याहून मोठा गवाह कोन? वानखडे, सच सांग, असा सीन होता काय?"

चाळीसेक माणसं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "आमच्या पडद्यावर तसं काही आलं नाही."

अक्षरशः खरं होतं ते. त्याच्याएवढं खोटं मी जन्मात दुसरं बोललो नाही.

"सुनलं?" युनूसभाई गरजला. "आता सांग, झूठा कोन?" सलीमने दरवाजाकडे हात केला. युनूसभाई बायकोला घेऊन उपाशी निघाला आणि मीही त्याच्यामागे निघालो. परतीच्या एसटीत तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू सच्चा मानूस आहे, वानखडे." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

अबोला सोळा वर्षं चालला. लोकांना वाटेल, एका पिक्चरवरून? पिक्चरवरून नाही. भरल्या घरात एकाने दुसऱ्याला खोटारडा म्हटलं होतं, आणि दोघांनाही माहीत होतं की आपण खरं बोललो. असं भांडण मिटत नाही. खोटं बोलणारा निदान मनातून थोडा वाकतो. हे दोघे कशाला वाकतील?

मध्ये एकदा मी कामासाठी बडनेऱ्याला चाललो होतो. गाडी मूर्तिजापूरला थांबली. फलाटावरच्या बाकावर त्या दोघी बहिणी बसलेल्या. एक अकोल्याहून आलेली, एक अमरावतीहून. नवऱ्यांच्या घरी जाता येईना, म्हणून अर्ध्या वाटेवर भेटायच्या. मध्ये डबे उघडलेले. युनूसभाईच्या बायकोने मला खिडकीत पाहिलं आणि उठून आली. हातावर शिरखुर्म्याची छोटी डबी ठेवली. "घ्या भाऊ. ईदची आहे." गाडी हलली. ती डबी मी बडनेऱ्यापर्यंत उघडू शकलो नाही.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. घरी आलो, दोन दिवस युनूसभाईच्या दुकानावरून गेलो-आलो. तो दिसला की हात हलवायचा. मीही हात हलवायचो. मग टॉकीज बंद पडलं, प्रिंटा बंद झाल्या, आणि मी स्वतःला समजावलं की आता कशाला.

गेल्या वर्षी एका सकाळी दुकानात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात स्टँडला लावलेला मोबाइल.

"वानखडे अंकल ना? मी निलोफर. सलीम संत्रेवाल्यांची मुलगी. अमरावतीहून आले."

सहा वर्षांची होती ती, अकीक्याच्या दिवशी. आता कॉलेज संपवून अशाच पिक्चरांवर व्हिडिओ करते. तिने मोबाइलवर मला काय काय दाखवलं. सात चंद्रांवाल्याचे जगभर शौकीन आहेत, ते रात्रंदिवस लिहितात. पहिला भाग श्रेष्ठ की दुसरा, सहाव्याने कशी माती केली, राणीचा आवाज का बदलला. शब्द इंग्रजी, पण भांडण आमच्या पायरीवरचंच. आणि त्यात एक दंतकथा फिरतेय: 'अकोला प्रिंट'. भारतात एका गावात दुसऱ्या भागाची अशी प्रत लागली होती ज्यात दिवेवाला मरत नाही. कोणी म्हणतं थाप, कोणी म्हणतं दिग्दर्शकाचा मूळ शेवट तोच होता.

"लोक ती प्रिंट शोधून राहिलेत, अंकल. आणि युनूस खालू कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार आहेत. म्हणाले, कुराणावर हात ठेवून सांगतो. येत्या रविवारी शूटिंग आहे." मग आवाज उतरला. "अम्मीचं म्हणणं आहे, प्रिंट खरंच दोन होत्या असं निघालं तर अब्बूही खरे आणि खालूही खरे. मग बोलतील ना एकमेकांशी? तुम्ही सांगा ना, दोन होत्या ना?"

किती सोपं होतं. हो म्हणालो असतो की झालं. सगळे खरे, सगळे खूश. आणि युनूसभाईने सगळ्या जगासमोर माझ्या खोट्यावर हात ठेवून शपथ घेतली असती.

"तो मोबाइल बंद कर, बेटा," मी म्हणालो. आणि सांगितलं. पहिल्यांदाच. सहीपासून राखेपर्यंत.

तिने बंद मोबाइल पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "अंकल, अब्बूंना फोन लावू?"

"आधी युनूसभाईले. मीच सांगतो."

युनूसभाई दुकानात एका डबलच्या गादीला टाके घालत बसला होता. केसांवर, भुवयांवर कापूस. मी समोर बसलो आणि त्याच्याकडे न पाहता बोलून टाकलं. त्याची सुई चालू होती. माझं संपलं तरी चालू होती.

"किती मिनिटाचं होतं थे रीळ?" त्याने विचारलं.

"अठरा."

त्याने धागा दाताने तोडला, सुई गादीत खोचली, कपडे झटकले आणि उठला. "चाल."

"कुठं?"

"अमरावतीले."

एसटीत खिडकीजवळची जागा त्याने घेतली. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. मूर्तिजापूरला त्याने मान फिरवून स्टेशनच्या दिशेला पाहिलं, एवढंच. अमरावतीत सलीमच्या घराचा दरवाजा त्यानेच वाजवला. सलीमने उघडला आणि तसाच उभा राहिला. दोघांच्याही दाढ्या पांढऱ्या झालेल्या.

"मेला," युनूसभाई म्हणाला.

सलीमचा चेहरा उतरला. "या अल्लाह! कौन?"

"दिवेवाला." युनूसभाईचा आवाज फुटला. "मेला थो, साडू. राखबी उडली असन. मले दाखवलंच नाई कोनी."

सलीमने दोन्ही हातांनी त्याला आत ओढला. मी उंबऱ्याबाहेरच राहिलो. थोड्या वेळाने सलीमची बायको आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिने फक्त बाजूला होऊन वाट दिली.

त्या दुपारी टीव्हीवर त्यांनी तो सीन लावला. युनूसभाई आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता, सलीम त्याच्या शेजारी. मी मागे, वेताच्या मोड्यावर. दिवेवाला एकेक दिवा विझवत गेला तशी युनूसभाईची टोपी खाली खाली जात राहिली. राख उडाली तेव्हा दोघेही नाक ओढत होते.

"सीन चांगला आहे," संपल्यावर युनूसभाई म्हणाला. "पन लांबला."

"लांबला?" सलीम उसळला. "अरे, तीच तर मजा आहे!"

"पाच दिवे विझवाले एवढा वेळ? मी असतो तं तीन दाखवले असते."

"तू गाद्या भर, तुले काय कळते!"

सोळा वर्षांनी घरात भांडण सुरू झालं होतं, आणि स्वयंपाकघरातून निलोफरच्या आईचा हसण्याचा आवाज येत होता.

निघताना युनूसभाई माझ्याशी बोलला. माझ्याकडे पाहत नव्हता. "वानखडे, हा सीन मी पह्यल्या दिवशी पाह्यला असता तं दुसरं तिकीट काढलं नसतं. तेरा वेळा पाह्यला थो कंपनीचा पिक्चर नव्हता. तुहा होता. बेस होता. पन तुहा होता, हे मले सांगाले पाह्यजे होतं." मी हो म्हणालो. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. रविवारपर्यंतचे चार दिवस मी त्याच्या दुकानावरून गेलो. हात हलला नाही.

रविवारचं शूटिंग त्याने रद्द केलं नाही. उलट मला निरोप आला, ये म्हणून. दिवेवाला गादी भांडारात कापसाचे गठ्ठे बाजूला सारून एक खुर्ची मांडली होती. समोर निलोफरचा कॅमेरा आणि एक दिवा. अमरावतीहून सलीम संत्र्यांची टोपली घेऊन आला होता आणि सगळ्यांना सूचना करत होता. युनूसभाई नवी टोपी घालून खुर्चीत बसला. निलोफरने खूण केली.

"मी युनूस, गादीवाला," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "अकोल्यात दिवेवाला मेला नव्हता. हे मी पिक्चर लागला तवापासून सांगत आलो, अन् मी झूठ नाई बोललो. माहा साडू म्हने मेला. थोबी झूठ नाई बोलला. दोघंबी सच्चे कसे, थे हा सांगन."

तो उठला, खुर्चीवर पडलेला कापूस हाताने झटकला आणि ती माझ्यासाठी सरकवली.

मी आयुष्यभर उजेडाच्या मागच्या बाजूला बसलेला माणूस. दिव्याचा झोत तोंडावर आला तसे डोळे दिपले. समोरचं कोणीच दिसेना.

"जोरात बोला, वानखडे," अंधारातून सलीम म्हणाला. "अमरावतीलाही ऐकू गेलं पाहिजे."

"थो बोलते," युनूसभाई त्याला म्हणाला. "तू चूप राह्य जरा."

मी बोलायला लागलो.